टोपीवाल्यांचा दुभाष्या

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, आणि सुपडूला त्यातल्या त्यात कमी येत होतं. तरीही १९९३ पासून पुढली तीन वर्षं इंग्रजी सिनेमा समजावून सांगण्याचं काम गल्लीने त्याच्यावर सोपवलं होतं.

याला कारण बुधवार. यंत्रमागांच्या कारखान्यांना आठवड्यातून एक दिवस वीज मिळत नसे, आणि सुपडूच्या कारखान्याचा तो वार बुधवार होता. घरांना मात्र वीज असे, आणि केबलवर नेमके बुधवारी दुपारी घोडेवाल्यांचे जुने सिनेमे लागत. उघडं माळरान, चार झाडं, एक विहीर आणि तिच्याभोवती टोप्या घातलेली रागावलेली माणसं. खानदेशातून, पारोळा-अमळनेरकडून आलेल्या लोकांना यात परकं असं काही वाटत नसे. टोप्या तेवढ्या मोठ्या होत्या.

दुसरं कारण कानांचं. वीस-वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून कान कमी-जास्त गेलेली ही माणसं. कारखान्यात बोलणं सगळं हातांनी आणि ओठांनी चाले. ओठ वाचण्यात सुपडूचा हात धरणारा कोणी नव्हता. टीव्हीतल्या गोऱ्या माणसाचे ओठ हलले, की सुपडू त्यातून अहिराणी काढी.

सगळ्यांत गाजला तो पांढऱ्या पायांच्या घोड्याचा सिनेमा. तो तीनदा लागला आणि तिन्ही वेळा सुपडूची खोली भरली.

"हाऊ धाकला भाऊ शे," सुपडू हातवाऱ्यांसकट सांगे. "मोठ्याने विहिरीवर एकट्याचं नाव चढवलं. बहिणीनं निरोप धाडला म्हनून हा परत उना."

मग टोपीवाला कंदिलाशी कागद धरून वाची. सुपडू म्हणे, आईचं पत्र आहे. म्हातारी म्हणते, दिसेनासं झालंय, एकदा येऊन जा. शेजारच्या मागावरचा दगा इथे प्रत्येक वेळी रडे. त्याचीही आई गावी होती. शेवटी टोपीवाला त्या बहिणीला जवळ घेई, जरा जास्तच वेळ. तेव्हा सुपडू खोकून सांगे, की त्यांच्यात बहिणीचा निरोप असाच घेतात. बायका पदर तोंडाला लावत. कोणी शंका काढत नसे.

कारखान्यात सुपडू हा सहा माग चालवणारा एक कारागीर होता. असे लिंबायतमध्ये हजारोंनी होते. बुधवारी दुपारी मात्र तो बोले आणि वीस माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

शहाण्णव साली केबलवाल्या लखनने ती वाहिनी काढून तिथे हिंदी गाणी लावली. सुपडू त्याला रस्त्यात गाठून विचारी, "तो पिक्चर कब लगेगा?"

"नाम क्या है, काका?"

"टोपीवाला आता है. बाद में जाता है."

"काका, सब में वो आताच है और जाताच है."

गल्लीतली माणसं बुधवारी आपापल्या घरी गाणी बघू लागली. सुपडूही बघे. नाचणाऱ्यांचे ओठ वाचण्यात मजा नव्हती; ते सगळे एकच गोष्ट सांगत.

नव्याण्णवच्या डिसेंबरात लखननेच हाक मारली. वाहिनी परत येतेय, बुधवारी पांढऱ्या पायांचाच घोडा. "और काका, अब हिंदी में!"

सुपडूने यातलं 'बुधवार' आणि 'घोडा' तेवढं ओठांवरून टिपलं.

त्याने दगाला बोलावलं, शेजारपाजारी सांगितलं. बायकोने, शोभाबाईने, दाण्यांची परात भरली. "लोक येतीन का आता?" ती म्हणाली. आठजण आले, आणि नववीतली मुलगी वर्षा घरचीच.

सिनेमा सुरू झाला. सुपडू घसा साफ करून म्हणाला, "हाऊ धाकला भाऊ शे."

कोणीतरी हसलं. वर्षा वळून मोठ्याने म्हणाली, "पप्पा, एवुं नथी, तसं नाहीये. भाऊ नाही कोणी. त्याचा घोडा चोरीला गेलाय, तो न्यायला आलाय."

"फक्त घोडा?"

"फक्त घोडा."

विहीर सरकारी निघाली. बहीण ही हॉटेलची मालकीण निघाली. शेजारची रंजना हसता हसता म्हणाली, "काका, तीन वर्षं तुम्ही तिला राखी बांधायला लावली की!" कंदिलाचा प्रसंग आला. दगा पुढे सरकला, डोळे आधीच ओले. सुपडूने वर्षाकडे पाहिलं. तिने दगाकडे पाहिलं आणि मान खाली घालून हळू आवाजात सांगितलं, की ते आईचं पत्र नाही. ते खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं, या दोघांना सोडून.

सुपडू उठला. काच पुसायच्या निमित्ताने टीव्हीपाशी गेला आणि आवाजाचं बटण चोरून पार शेवटापर्यंत फिरवलं. आता मुकी माणसं उरतील, आणि मुक्या माणसांचं आपण बघून घेऊ. जागेवर येऊन तो जोरात म्हणाला, "आईनं पत्र शे. म्हातारी म्हनस..."

तो थांबला. वर्षाने दोन्ही हात कानांवर दाबले होते. शोभाबाईच्या परातीतले दाणे थरथरत होते. दाराशी अख्खी गल्ली जमली होती, त्यात चार वर्षांत न फिरकलेली माणसंही होती. टोपीवाला आता कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही स्वच्छ हिंदीत ऐकू येत होता.

शोभाबाईने उठून आवाज बेताचा केला. लोक दारातच उभे राहून बघू लागले. सिनेमा चांगला होता.

दगाने सुपडूचा गुडघा हलवला. पडद्याकडे बोट करून, कारखान्यात करत तसा हात उलटा करून विचारलं, "काय लिखेल शे?"

सुपडूने टोपीवाल्याच्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं. ते हिंदीत हलत नव्हते आणि अहिराणीतही. मग त्याने दगाला हातानेच सांगितलं, की माहीत नाही.

दगाने मान हलवली आणि तरीही डोळे पुसले.