चौथा डोस घरी

चष्मेवाल्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. दुकानात ते चष्मेवाले, दवाखान्यात काका आणि घरी ‘अहो’. तेही हल्ली कमीच. माणूस नाकासमोर चालणारा. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत “हे बरं दिसतं, की हे?” एवढंच विचारत आलेला. त्यांना स्वतःला काय बरं वाटतं, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावर पित्त उठायला लागलं. पट्टा बांधला की कमरेला गांधी, पिशवी धरली की तळव्याला, आणि काहीच केलं नाही तर पाठभर. हे खाऊ नका, ते लावा, असं सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. सगळं करून झालं. मग दिवसाला चार गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी खाज निम्मी गेली आणि माणूस पाऊण गेला. गिऱ्हाईक कोणतं भिंग बरं म्हणालं, हे ते पेंगता पेंगता विसरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायचे.

रात्री झोपेतही हात थांबत नसत. पलंग हलायचा. बायको शाळेच्या ऑफिसात कारकून, सकाळी सातला हजेरी. एका रात्री तिने उशी उचलली आणि पलीकडच्या खोलीत गेली. भांडण नाही, रुसवा नाही. “थोडे दिवस,” एवढंच म्हणाली. त्या थोड्या दिवसांना सहा वर्षं होऊन गेली.

यंदा डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. दर चार आठवड्यांनी, एका वेळी दोन. पहिले तीन डोस दवाखान्यातच घ्यायचे आणि टोचून झालं की बाकावर बसून राहायचं, कारण क्वचित कुणाला त्याचीच जोराची रिॲक्शन येते. ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास लागतो. चष्मेवाल्यांचं नुसतं डोकं दुखलं आणि दंडावर बटणाएवढा लाल डाग आला, तो दोन दिवसांत गेलाही. दुसऱ्या डोसानंतर गांधी विरळ झाल्या. तिसऱ्यानंतर एका सकाळी त्यांनी आरशात पाठ पाहिली, तर कोरी. आनंद व्हायला हवा होता. तो काही होईना. पलीकडे बायकोच्या कपाटाचं दार वाजलं आणि त्यांच्या मनात एवढंच आलं, की आता ही परत येईल.

ती आली नाही. त्यांनीही विचारलं नाही. दोघंही आपापल्या खोलीत झोपत राहिले.

“काका, चौथा डोस घरी घ्यायला हरकत नाही,” दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. “पण टोचल्यावर एकटं राहायचं नाही. घरी कोण असतं?”

“बायको.”

“मग त्यांना घेऊन या. रिॲक्शन आलीच तर टोचायचं आणीबाणीचं पेन शिकवते.”

बायको अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. सिस्टरनी तिच्या हातात सरावाचं पेन दिलं, बिनसुईचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच, दाबून धरायचं आणि दहा मोजायचे. मग ॲम्ब्युलन्स बोलवायची, बरं वाटलं तरी बोलवायची. तिने नवऱ्याच्या मांडीवर पेन दाबलं, दुसरा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि मोजायला लागली. चष्मेवाल्यांना वाटलं, हिने चुकावं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं. पण ऑफिसात मुरलेली बाई. दहाला हात काढला.

“तीन डोस नीट गेले म्हणजे सुटलो, असं नाही हं,” सिस्टर म्हणाल्या. “पुढच्या डोसालाही होऊ शकतं, दुसऱ्या दिवशीही होऊ शकतं. फार क्वचित, पण होऊ शकतं. दोन तास समोर बसा आणि चोवीस तास लक्ष असू द्या. सगळं ह्या कागदावर आहे.”

रविवारी सकाळी त्यांनी इंजेक्शनं फ्रिजमधून काढून अर्धा तास टेबलावर ठेवली. मग बेंबीपासून दूर, पोटाच्या दोन्ही बाजूंना स्वतःच टोचून घेतली. बायको समोरच्या खुर्चीवर बसली. मांडीवर कागद, हाताशी पेन, भिंतीवर घड्याळ. दर पंधरा मिनिटांनी ती यादी वाचायची.

“श्वास?”

“ठीक.”

“चक्कर?”

“नाही.”

“ओठ दाखवा.”

ते ओठ दाखवायचे. ती वाकून निरखून पाहायची आणि कागदावर खूण करायची. सहा वर्षांत दोघं मिळून इतकं बोलले नव्हते.

“डोळे सुजल्यासारखे वाटतात,” ती मध्येच म्हणाली.

“माझे डोळे असेच आहेत.”

“हो का,” ती म्हणाली. “बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत.”

ती थट्टा करत नव्हती. चष्मेवाल्यांच्या मनात आलं, घसा जरा आवळतोय म्हणावं. पण टेबलावरचं पेन खरं होतं, सुईचं, आणि ती क्षणाचाही विचार न करता टोचून मोकळी झाली असती.

दोन तास झाले. तिने शेवटची खूण केली आणि कागदाची घडी घातली.

“आता रात्रीचं काही होत नाही मला,” ते घाईघाईने म्हणाले. “पलंगही हलत नाही. तू परत इकडे झोपलीस तरी चालेल.”

तिने खरोखर विचार केला. रागाचा मागमूसही नव्हता.

“मला तिकडेच झोप लागते,” ती म्हणाली. मग घडी उलगडून तिने पुन्हा एकदा पाहिलं. “चोवीस तास लिहिलंय. उद्या सकाळपर्यंत मधलं दार उघडं ठेवते. काही वाटलं तर हाक मारा.”

“प्रत्येक डोसाला?”

“प्रत्येक डोसाला, असंच लिहिलंय.”

ती जेवण वाढायला गेली. चष्मेवाल्यांना वाईट वाटलं नाही. वाटत नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. पानावर बसल्यावर त्यांना आठवलं, की सहा महिन्यांनी इंजेक्शन बंद करून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा काय सांगायचं, ते त्यांनी जेवता जेवता ठरवून टाकलं. अजून थोडं खाजतं, म्हणायचं.