वळणावर न झुकणारी गाडी

विनीता तुस्कानोच्या पायाला भिंगरी लागली होती ती वसईपासूनच. तिथे भावाची मोटरसायकल पळवायची. पुढे सिडनीत क्वेकर्स हिलला राहायला आल्यावर लॅबमधली सकाळची शिफ्ट संपली की घरी यायच्याऐवजी बाइक काढून थेट डोंगराकडे सुटायची. पन्नाशी उलटली तरी तिच्यात फरक नव्हता.

मग चक्कर आणणारा कानाचा आजार मागे लागला. एकदा सिग्नलला उभी असतानाच डोकं गरगरलं आणि ती बाइकसकट आडवी झाली. लागलं फारसं नाही. औषधांनी चक्कर आटोक्यात आली, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "गाडी चालवा, फक्त दोन चाकांवर नको." विनीता काही दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. मग बाइक विकून तिने तीनचाकी मोटरसायकल आणली. पुढे एक चाक, मागे मोटारीसारखी दोन रुंद चाकं.

पडायची भीती गेली, पण मजाही गेली. बाइक वळणावर अंग टाकते. ही बया ताठच्या ताठ. हँडल हातांनी ओढून वळवावं लागे. खांदे भरून येत. जेवताना, चर्चला जाताना विनीता फोनवर टायरांबद्दलच वाचत बसे. आधी तिने पुढे अरुंद टायर घालून पाहिला. जीव शांत होईना. मग कुठेतरी वाचलं, की मागे जास्त उंच टायर घातले तर गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो आणि हँडल हलकं होतं.

गॅरेजवाला जेम्स म्हणाला, "हलकं होईल, पण अस्थिरही होईल. शिवाय स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल. थोडेसेच वाढवू या?"

"नियमात बसतील तेवढे मोठे घाल," विनीता म्हणाली.

शनिवारी ती कुराजाँगच्या रस्त्याला लागली. पहिलंच वळण अलगद घेतलं गेलं आणि ती हेल्मेटमध्ये एकटीच हसली. पुढे साठच्या वेगमर्यादेत काटा बरोबर साठवर होता, पण रस्त्याकडेच्या वेग मोजणाऱ्या बोर्डावर लाल आकडा चमकला, सहासष्ट. तिने वेग उतरवला. काटा चाळिसच्या आसपास आला तसं हँडल थरथरलं. आधी जरासं, मग डावीकडे-उजवीकडे थडाथड आपटायला लागलं. तिने दात-ओठ खाऊन ते दाबून धरलं. गाडी कडेची पांढरी रेघ ओलांडून खडीत घुसली आणि थांबली. मागून आलेला ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

चक्कर आली होती, की गाडीच हलली होती? तिला कळेना. समोरच्या निलगिरीच्या खोडावर तिने नजर रोखली. खोड जागच्या जागी होतं. म्हणजे गाडीच. तिला बरं वाटलं आणि लगेच रडू फुटलं.

फोन केल्यावर नवरा, वेस्ली, आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"विनी, तुला नेमकं हवंय तरी काय?"

"झुकायचंय रे मला. वळणावर. बस्स."

वेस्लीने मागच्या उंच टायरवर थाप मारली. "ते टायर बदलून नाही मिळायचं."

विनीता भडकली. हे तिला कधीचं ठाऊक होतं. कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं, एवढंच. जेम्स ट्रेलर घेऊन येईपर्यंत ती वेस्लीकडे पाठ करून खडीत येरझारा घालत राहिली.

मागे जुन्याच मापाचे टायर परत बसले. जेम्सने त्यांतली हवा थोडी कमी ठेवली, त्यामुळे खड्ड्यांचा मार कमी झाला. हँडल मात्र पुन्हा जड. मग विनीता वळणावर स्वतःच सीटवर आतल्या बाजूला सरकायला लागली, खांदा खाली टाकून. गाडी ताठच, पण अंग तरी झुकायचं.

एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर वेस्ली आपणहून मागे बसला. ती वाइझमन्स फेरी या नदीकाठच्या गावाकडे निघाली. पहिल्या वळणाला तो ओरडला, "अगं, मी कुठल्या बाजूला?"

"माझ्याच!"

नदीवर फेरीबोटीसाठी रांग होती. वेस्लीने हेल्मेट काढून सँडविच उघडलं. विनीता मात्र रांगेच्या टोकापर्यंत जाऊन परत आली आणि तिने उभ्यानेच विचारलं, "पलीकडचा रस्ता कच्चा आहे म्हणतात. जायचं ना?"

"आधी खाऊन तर घे," वेस्ली म्हणाला. पण बोट काठाला लागताना दिसली तसं तिने हेल्मेट चढवलंसुद्धा.