लग्नानंतर घेतलेलं इंजेक्शन

माझं लग्न घाईने ठरलं ते बाबांच्या आजारामुळे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बाबांच्या स्वादुपिंडात कॅन्सर होता आणि ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. नाशिकच्या कडेला आमची शेवंती-झेंडूची शेती. मुलीचं कन्यादान आपल्या हाताने करायचं, एवढीच इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती.

पोटातली कळ पार पाठीत जायची. त्यांना आडवं होता येत नसे. उशी पोटाशी धरून, पुढे वाकून बसल्या बसल्याच पेंगायचे. मॉर्फिनच्या गोळ्यांनी गुंगी यायची, दुखणं पुरतं हटत नसे. इंदिरानगरात वेदनांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत पोटातून बारीक सुई आत न्यायची आणि जठरामागच्या ज्या नसा हे दुखणं मेंदूपर्यंत नेतात, त्या औषधाने निकामी करायच्या.

"रोग बरा होणार नाही," बाई म्हणाल्या, "पण झोप लागेल, दोन घास जातील. फार क्वचित पायांतली ताकद जाऊ शकते, तेही सांगून ठेवते."

बाबांनी तेवढंच ऐकलं. "लग्न होऊन जाऊ द्या, मग टोचा काय टोचायचं ते. मांडवात मला माझ्या पायांवर उभं राहायचंय."

"अहो, तोवर सोसवेल का?" आईने विचारलं.

"आजवर सोसलंच ना?"



लग्नाच्या सकाळी त्यांनी नवा सदरा घातला, हौसेने फेटा बांधून घेतला. कार्यालयाकडे येताना द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी अडकली आणि तिथेच कळ उठली. अक्षता पडल्या तेव्हा ते आतल्या खोलीत भिंतीला डोकं टेकून बसले होते. कन्यादानाला काका-काकू बसले. मी पाया पडायला गेले, तर त्यांनी हात उचलला, डोळे मात्र उघडले नाहीत.

इंजेक्शन त्यानंतर झालं. सुरुवातीला उठलं की चक्कर यायची, पोटही बिघडलं. मग एका दुपारी मी माहेरी आले, तर बाबा चक्क पाठीवर सरळ झोपलेले. पायांना काहीही झालं नव्हतं. जागे झाल्यावर त्यांनी वरण-भात मागून घेतला आणि मला जवळ बसवलं.

"सांग आता. काय काय झालं लग्नात?"

मी सगळं सांगितलं. कन्यादानापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "काकाचा हात थरथरला का गं?"

"खूप."

"माझा नसता थरथरला." मग म्हणाले, "उगाच भ्यालो. आधीच टोचून घ्यायला पायजे होतं."

दारात उभी असलेली आई आत गेली.

दिवाळीआधी बाबा गेले. ती जुनी कळ तशी परत आली नाही, थोडं दुखायचं ते गोळीवर भागायचं. ते सुखाने गेले असं नातेवाईक म्हणतात आणि ते खोटं नाही. पण आई अजूनही काम करता करता मध्येच थांबते. "त्या बाईंचं तेव्हाच ऐकायला हवं होतं," म्हणते.