सासऱ्यांबरोबर साओ जॉर्जच्या लाटेवर

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, बॉनला आले की रोज सकाळी ऱ्हाईनची पातळी वहीत लिहितात. नदीकाठी पाण्याची उंची दाखवणारी मोजपट्टी आहे, तिला इथे पेगेल म्हणतात. चहा झाला की तिथपर्यंत चालत जायचं, चष्मा पुसायचा, आकडा टिपायचा आणि परत यायचं. पाटबंधारे खात्यात सदतीस वर्षं गोदावरीच्या काठी त्यांनी हेच काम केलं. पुराच्या दिवसांत दर तासाला एक नोंद. सवय काही जात नाही.

या सप्टेंबरात आम्ही तिघं अझोरेस बेटांवर जाणार होतो. ही पोर्तुगालची बेटं, अटलांटिकच्या मधोमध, सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. त्यातल्या साओ जॉर्ज बेटावर मी सर्फिंगचा बोर्ड घेऊन लाटांवर जायचं आणि निखिल, माझा नवरा, बाबांना घेऊन काठावर बसायचं, असा बेत होता. निघायच्या आठवडाभर आधी निखिलला ऑफिसनं बर्लिनला बोलावून घेतलं.

"तर मग तुम्ही दोघं जा ना," तो म्हणाला. "बुकिंग झालंय. बाबांना पाणी आवडतं."

"बाबांना नदी आवडते," मी म्हटलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "माझी हरकत नाही. तिथे भरती-ओहोटीचा फरक किती असतो, तेवढं बघून ठेवा."

बाबांना आठ दिवस घरी एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. इथली दारं ओढली की आपोआप बंद होतात, आणि किल्ली आत राहिली की माणूस जिन्यात. बाबा या उन्हाळ्यात दोनदा जिन्यात राहिले होते. आणि मला बेत रद्द करायचा नव्हता. का, ते आधीच सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी मी याच बेटावर, याच जागी, बुडता बुडता वाचले. लाटेनं खाली दाबलं, वर यायच्या आत दुसरी आली. दहा-पंधरा सेकंदच असतील, पण त्या वेळात मला आईचं तोंड दिसलं. तेव्हापासून माझं एकच होतं. लाट मागून येते, बोर्ड उचलला जातो, आता उभं राहायचं, आणि नेमक्या त्या क्षणी मी बोर्ड मागे ओढून घेते. प्रत्येक वेळी. हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या गुडघाभर लाटांनाही मी मागे सरले. मी सोलापूरची, पोहायलाच अडतिसाव्या वर्षी बॉनच्या तरणतलावात शिकले, त्यामुळे हे वेड कुणाला समजावूनही सांगता येत नाही. मनाशी ठरवलं होतं की तिथेच जायचं, एक लाट घ्यायची. एकच. नाही जमली तर परत आल्यावर बोर्ड कुणाला तरी देऊन टाकायचा. निखिलला हे माहीत होतं. बाबांना नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी आधी थोडी माहिती. फ्रँकफर्टहून लिस्बन, तिथून पोंता देल्गादा, आणि पुढे पंख्यांच्या छोट्या विमानानं साओ जॉर्ज. बोर्ड नेणार असाल तर त्याची लांबी आधी कळवा, छोट्या विमानात जागा मर्यादित असते. एक रात्र मध्ये मुक्काम करा, एका दमात जायला जाऊ नका. विमानात मागच्या रांगेतल्या जर्मन आजींनी बोर्डाची पिशवी पाहिली होती. त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं, "तुमचे वडील सर्फिंग करतात का?"

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं. बाबा ताठ बसले आणि मागे वळून म्हणाले, "या, गेनाऊ," म्हणजे "हो, अगदी बरोबर." एवढे दोनच जर्मन शब्द त्यांना येतात आणि ते कुठेही चालतात, अशी त्यांची खात्री आहे. आजींनी पुढे पूर्ण प्रवासभर त्यांच्याकडे आदरानं पाहिलं.

साओ जॉर्ज म्हणजे समुद्रात आडवी टाकलेली एक लांबलचक हिरवी भिंत. वर ढगात गाई चरतात, खाली सरळ कडे. कड्यांच्या पायथ्याशी कधीकाळी लाव्हा वाहून किंवा दरडी कोसळून जमिनीचे चिमुकले सपाट तुकडे तयार झालेत, त्यांना तिथे फजां म्हणतात. आम्हाला जायचं होतं ती फजां तर अशी, की तिथे गाडी जातच नाही. विमानतळावर भाड्याची गाडी घेतली (दिवसाला पन्नास युरोच्या आसपास, छोटीच घ्या, रस्ते अरुंद आहेत), दुसऱ्या एका फजांपर्यंत घाटानं उतरलो आणि गाडी तिथेच सोडली. पुढे कड्याच्या कडेनं तासा-सव्वातासाची पायवाट. सामान आणि बोर्ड चार चाकांच्या मोटारसायकलवरून पुढे गेले. बाबांनाही त्यावर बसता आलं असतं, पण ते म्हणाले, "चालतो की. नोकरीत काय जीपनं फिरत होतो का?"

उजवीकडे ढगात शिरलेला डोंगर, डावीकडे काळ्या धोंड्यांवर आपटणारा समुद्र. हायड्रेंजियाची निळी फुलं सुकत आली होती. वारा पडला होता आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, पण बाबांच्या शेजारी इतका वेळ गप्प चालायची वेळ कधी आली नव्हती. मला वाटलं होतं अवघडल्यासारखं होईल. झालं नाही.

वळण संपलं आणि खाली ते सगळं एकदम दिसलं. खारं निळं तळं, पांढरं चर्च, दगडी घरं मोजून काही, आणि समुद्रात घुसलेलं काळ्या गोट्यांचं टोक. त्या टोकाला लाट आडवी येते आणि कडेकडेनं सोलत जाते, केळीचं साल निघावं तशी. सर्फर अशा जागेला पॉइंट ब्रेक म्हणतात. बाबा थांबून बघत राहिले.

"ही लाट शिस्तीची आहे," ते म्हणाले.

इनेश नावाच्या बाईंच्या दगडी घरात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, दोन्ही मिळून सत्तर युरो रोज. तळ्यातल्या शिंपल्या इथली खासियत, पण बाबा शाकाहारी, त्यामुळे इनेशबाईंनी मक्याचा पाव, रताळी आणि बेटावरचं चीज समोर ठेवलं. चीज चांगलंच तिखट. बाबांनी आधी वास घेतला, मग एक तुकडा, मग तीन. बरोबर आणलेलं मेतकूट त्यांनी इनेशबाईंना पावावर घालून दिलं. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, तरी अर्धा तास गप्पा चालल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वेटसूट घालून खोलीत दहा मिनिटं नुसती उभी होते. अंगाला चिकटलेला काळा रबरी पोशाख घालून सासऱ्यांसमोर जायचं कसं? शेवटी टॉवेल गुंडाळून बाहेर आले. बाबांनी एकदा पाहिलं.

"आमच्या धरणावर पाणबुडे यायचे, त्यांचे असेच असायचे. गळ्यापाशी घट्ट आहे ना? पाणी आत शिरता कामा नये."

विषय संपला. त्यांनी स्वतः गाडीतलं पिवळं चमकतं जाकीट आणलं होतं, अपघातात घालायचं असतं ते. "तुला मी तिथून दिसायला पाहिजे," म्हणाले, आणि ते घालून गोट्यांवर जाऊन बसले. मांडीवर वही.

त्या दिवशी मी चार तास पाण्यात होते. पाणी कोमट, पारदर्शक, खाली काळे गोटे हलताना दिसत. डोंगर इतका जवळ की त्याची सावली अंगावर पडायची. ढग कड्यावरून खाली ओघळायचे आणि समुद्रापर्यंत पोचायच्या आधीच विरून जायचे. लाटांच्या मधल्या शांततेत नुसतं बोर्डावर बसून राहिलं तरी पैसे वसूल. मी तेच केलं. बसून राहिले. लाट आली की वळायचे, हात मारायचे, आणि मागे सरायचे.

परत आल्यावर बाबांनी वही उघडली. "लाटा टोळीनं येतात. दर अकरा ते तेरा मिनिटांनी एक टोळी. पहिल्या दोन फसव्या, तिसरी सगळ्यात स्वच्छ. उद्या टोळी लांबून दिसली की मी हात वर करीन. तू तिसरी घे."

मी थक्क झाले. मला एवढं कळायला तीन वर्षं लागली असती.

चौथ्या दिवशी तेच. पिवळं जाकीट उठून उभं राहायचं, हात वर. मी तयार. पहिली जाऊ द्यायची, दुसरी जाऊ द्यायची, तिसरी आली की वळायचं. आणि मागे सरायचं. संध्याकाळी घरासमोरच्या बाकावर बसलो होतो. समुद्रपक्षी कड्यातल्या घरट्यांकडे परतत होते, त्यांचा आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा येतो.

"आज नऊ लाटा तुझ्या होत्या," बाबा म्हणाले. "एकही चुकली नाही. तू त्या मुद्दाम सोडल्यास. काय होतंय, मुक्ता?"

मग मी सगळं सांगितलं. ते पाण्याखालचे सेकंद, बोर्ड देऊन टाकायचं ठरवलंय तेही. बोलता बोलता रडले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समुद्राकडेच पाहत होते.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "खात्यात कुणाला सांगितलं नव्हतं. पूर चढला की हातपाय थरथरायचे. वहीत आकडा लिहिला की जरा धीर यायचा, एवढंच."

मला वाटलं, आता काहीतरी समजुतीचं सांगतील. ते म्हणाले, "उद्या जाऊ नकोस."

"अहो बाबा, उद्याचा शेवटचा दिवस आहे."

"म्हणूनच. निखिलला मी काय तोंड दाखवू? आधी माहीत असतं तर तुला पाण्यात उतरूच दिलं नसतं. आणि मी वेडा तिथे उभा राहून हात वर करत होतो."

"मी जाणार आहे."

"तू माझं कुठे ऐकतेस," असं म्हणून ते आत गेले. बारा वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच रागावले.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही न बोलता चहा प्यायलो. मी बोर्ड घेऊन निघाले, तर मागून पावलं ऐकू आली. बाबा आले. जाकीट घातलेलं होतं, वही नव्हती. गोट्यांवर नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले.

समुद्र आदल्या दिवसापेक्षा मोठा होता. मी टोकापाशी पोचले, बसले, आणि काठाकडे पाहिलं. पिवळं जाकीट दिसत होतं. हात खाली होते. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं आणि लक्षात आलं, मला त्यांचा चेहरा दिसतच नाहीये. बाबा समुद्राकडे पाठ करून उभे होते. डोंगराकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे, ताठ. त्यांना बघवत नव्हतं आणि जाववतही नव्हतं.

मला इतकं भरून आलं, आणि त्याच वेळी इतकं हसू आलं. जगाच्या मधोमध, ज्वालामुखीच्या पायथ्याशी, माझे सासरे पिवळं जाकीट घालून कड्याकडे टक लावून उभे, आणि मोजायला कुणीच नाही. मग मीच पाहिलं. लांब पाण्यावर गडद रेघा उठल्या होत्या. पहिली खालून गेली. दुसरी गेली. तिसरीला मी वळले, हात मारले, बोर्ड उचलला गेला, आणि मी अजून हसतच होते. हसण्याच्या नादात मागे सरायचं राहूनच गेलं.

पुढचं नीट सांगता येत नाही. मी उभी होते एवढं आठवतं. उजव्या हाताला पाण्याची भिंत, इतकी गुळगुळीत की तिच्यात डोंगराचा हिरवा रंग उतरलेला. आवाज सगळा मागे राहिला होता. गोटे पायाखालून सरकत होते, कडा सरकत होता, चर्च आलं, गेलं. वेळ सैल झाल्यासारखा वाटत होता. मग लाट तळ्याच्या तोंडाशी येऊन बसली, आणि मीही बसले.

धोंड्यांवरून धडपडत वर आले. बाबा तसेच पाठमोरे.

"बाबा!"

ते वळले. आधी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "लागलं कुठे?"

"नाही. घेतली."

"काय?"

"लाट. तिसरी. शेवटपर्यंत."

ते मटकन गोट्यावर बसले. "अरेरे," म्हणाले, "मी पाहिलीच नाही गं." डोळ्यांत पाणी होतं. "सदतीस वर्षांत एक नोंद चुकवली नाही, आणि ही चुकली." मी ओल्या वेटसूटनिशी त्यांना मिठी मारली. आमच्यात मिठी मारायची पद्धत नाही. त्या दिवशी मारली.

आता बॉन. ऑक्टोबर, राखाडी आकाश, ट्राममध्ये ओल्या कोटांचा वास. बाबा नाशिकला परतले. बोर्ड खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात आहे आणि तिथेच राहणार आहे, पुढच्या वर्षापर्यंत. बरेच जण फोटो मागतायत. त्या लाटेचा फोटो नाही, व्हिडिओ नाही, पाहणारंही कुणी नाही. तुम्ही जाल तेव्हा कुणाला तरी कॅमेरा देऊन ठेवा. मला मात्र त्याची खंत वाटत नाही, आणि त्याचं कारण आहे दर रविवारचा फोन.

"हं, ती लाट सांग," बाबा म्हणतात. "पहिल्यापासून." मग मी सांगते. उंची किती होती, रंग कसा होता, चर्च आधी दिसलं की तळं. लाट असेल वीसेक सेकंदांची, सांगायला आता पाऊण तास लागतो. दर वेळी त्यांना नवं काही विचारायचं असतं आणि दर वेळी मला नवं काही आठवतं. खरंच आठवतं की स्वप्नात पाहिलेलं सांगतेय, ते माझं मलाच कळेनासं झालंय.

परवाच्या रविवारी त्यांच्याकडे शेजारचे देशपांडे काका आले होते. फोन स्पीकरवर होता. मी सुरुवात करणार, तेवढ्यात बाबांनीच सांगायला घेतलं. टोळी कशी आली, पहिल्या दोन कशा सोडल्या, तिसरीवर सून कशी उभी राहिली, मान कशी ताठ होती, चेहऱ्यावर हसू कसं होतं. एक शब्द चुकला नाही.

"इतक्या लांबून हसू दिसलं?" देशपांडे काकांनी विचारलं.

"दिसलं म्हणजे? मी काठावरच उभा होतो. या डोळ्यांनी पाहिलं," बाबा म्हणाले.

इकडे स्वयंपाकघरात मी फोन कानाशी धरून उभी होते. त्यांनी पाहिलंच होतं.