देवाला सांगितलेला पत्ता

१९७४ साल, मी बावन्न वर्षांचा. बैलगाडीखाली पाय सापडला म्हणून मी सांगलीकडच्या एका मिशन दवाखान्यात पडलो होतो. तिथला पट्ट्या बदलणारा माणूस कात्रीला हात लावायच्या आधी डोळे मिटून देवाला पुरा पत्ता सांगायचा, जणू देव भलत्याच खाटेवर जाणार होता.

"बापा, खिडकीजवळची खाट. मेढ्याकडचा गडी, डावा पाय, लय हट्टी. याला बळ दे. म्हण रं, आमेन."

"आवं, पाय माझा, देव तुमचा. मी कशाला म्हणू?"

"वरडायला तोंड हाय, आमेनला न्हाई व्हय?"

एका संध्याकाळी त्याच्याच बायकोचं पोटाचं ऑपरेशन चाललं होतं. तो माझ्या खाटेशी गुडघ्यावर बसला, "बापा" म्हणाला आणि पुढं शब्दच फुटेना. साऱ्या वॉर्डाचे पत्ते पाठ, अन् घरचाच सांगता येईना! शेवटी मीच डोळे मिटले.

"बापा, ऑपरेशनची खोली. टेबलावर यांची मंडळी हाय. भलतीकडं जाऊ नगंस."

"आमेन," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती शुद्धीवर आल्याचं सांगत त्यानं कात्री उचलली. मी डोळे मिटून माझा पत्ता माझा मीच सांगितला. 'हट्टी' तेवढं गाळलं.