सुरमईच्या पोटातला कोपरा

दुधाची पिशवी कापायला कात्री घेतली की मला ती सुरमई आठवते. रविवारी नणंद जेवायला येणार होती आणि कोळणीकडे गर्दी होती, म्हणून मी मासा साफ करून न घेताच कोथरूडला घरी आणला. ओट्यावर पोट चिरलं, तर आत दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा निघाला. “टाकून दे ती,” नवरा म्हणाला. तेवढ्यात नणंद आली आणि तो कोपरा पाहून हसली. “दादा, बिचाऱ्या सुरमईनं काय केलंय? तुमच्याकडचंच दूध प्यायलीय!” मी सुरमई स्वच्छ धुऊन तळली, नवऱ्यानं मात्र आमटी-भातच खाल्ला. संध्याकाळी चहासाठी पिशवी कापली, तर कोपरा सिंकमध्ये पडून पाण्याबरोबर जाळीकडे निघाला. नवऱ्यानं तो बोटानं अडवला. तेव्हापासून आमच्याकडे कोपरा पूर्ण कापत नाहीत, पिशवीलाच लटकता ठेवतात. दूध थोडं सांडतं, पण ओटा पुसता येतो.