मर्ल टिमरमनचा डूख

डूख धरावा तर मर्ल टिमरमननं धरला तसा. सापानं त्याच्याकडे शिकवणीला यावं.

मर्ल आमच्या नेब्रास्काचाच. बाप धान्याच्या कोठारावर पोती उचलायचा. पोरगं अंगानं आडदांड, म्हणून शाळेनं त्याला हेल्मेट चढवून आमच्याकडच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलच्या पुढच्या फळीत उभं केलं. पण गडी नुसता आडदांड नव्हता, खेळ त्याच्या डोक्यात शिरायचा. कॉलेज संपल्यावर त्यानं शाळेत भूगोल शिकवला, मग कॉर्विन कॉलेजात बिनपगारी मदतनीस म्हणून लागला. मैदानाचं गवत काप, पांढऱ्या रेघा मार, साठ पोरांचे घामट कपडे धू, शिडीवर चढून सरावाचं शूटिंग कर. बायको डोरीन दवाखान्याच्या कचेरीत नोकरी करून घर चालवायची आणि वर यालाच म्हणायची, "दमलास ना रे?" अकरा वर्षं अशी काढली तेव्हा कुठे मुख्य कोचची खुर्ची मिळाली. पुढे सतरा वर्षं त्यानं ती राखली.

छोट्या कॉलेजातला कोच म्हणजे टीव्हीवर दिसतो तो नव्हे. इथे खेळाडूला फी माफ होत नाही. खेळायला मिळतं म्हणून पोरं फी भरून येतात आणि त्यांच्या जिवावर कॉलेज उभं असतं. चार मॅच हरलात तर कोणी विचारत नाही, पण ऑगस्टात पोरं कमी आली तर तुमचं काही खरं नाही. म्हणून हिवाळाभर गाडी हाणायची, गावोगावी लोकांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसायचं, आई वाढेल ते खायचं आणि तिला पटवायचं की बाई, तुमचा मुलगा माझ्या हवाली करा. या कामात मर्लचा हात धरणारा कोणी नव्हता. कुठल्या आईचा गुडघा दुखतो आणि कुठल्या बापाशी ट्रॅक्टरवर बोलायचं, हे त्याला तोंडपाठ होतं.

कर्ट हॅग्लंड हा त्याचाच चेला. नवं लग्न, नोकरी अर्धवट, राहायला जागा नाही. मर्लनं त्याला आणि त्याच्या बायकोला, जनेलला, दोन हिवाळे आपल्या तळघरात ठेवून घेतलं. त्यांचा सोरेन जन्मला तेव्हा त्याला पहिली अंघोळ डोरीननं घातली. पुढे कर्टनं गावात घर केलं, मर्लचा पहिला मदतनीस झाला.

आणि मग एका जानेवारीत डोरीनला कॅन्सर निघाला. पोरं गोळा करायचा ऐन हंगाम. कर्ट म्हणाला, "कोच, तुम्ही डोरीनजवळ बसा. गाडी मी हाणतो." मर्लच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा. मूर्ख कुठला.

दरवर्षी पंचेचाळीस पोरं यायची, त्या मे महिन्यात एकोणीस निघाली. कॉलेजच्या अध्यक्षानं मर्लला बोलावून घेतलं. "तुझं लक्ष राहिलं नाही, मर्ल," एवढं म्हणाला आणि पत्र पुढे सरकवलं. खुर्ची कर्टला मिळाली. ऑगस्ट उजाडला तर कॉर्विनला एक्कावन्न पोरं हजर. मर्लला वाटलं, नशीब असतं एकेकाचं. सप्टेंबरात पेट्रोल पंपावर एका पोराचा बाप भेटला आणि सहज बोलून गेला, "मार्चमध्येच येणार होतो आम्ही. कर्ट म्हणाला, जरा थांबा, कोच बदलतोय."

मर्लनं घरी येऊन डोरीनला सांगितलं. ती अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, "तळघरातला पलंग जाळ. मला खिडकीतून दिसेल असा जाळ." मर्लनं तो अंगणात ओढला आणि पेटवला. डोरीन नोव्हेंबरात गेली. चर्चमध्ये कर्ट झाकलेलं भांडं घेऊन आला, आमच्याकडे मयताच्या घरी जेवण नेतात तसं. मर्लनं साऱ्या गावासमोर ते भांड्यासकट कचऱ्याच्या पिंपात टाकलं. जनेल बाजूला उभी राहून रडत होती.

नव्वद मैलांवर नॉर्थ फॉर्क कॉलेज आहे. तिथली टीम सलग एकतीस मॅच हरलेली. जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा असतो त्या शनिवारी प्रत्येक कॉलेज मुद्दाम नॉर्थ फॉर्कला बोलवायचं, म्हणजे आपली माणसं जिंकलेली पाहून खूश होऊन घरी जातील. कॉर्विनही तेच करायचं. तिथे नोकरी धरायला कोणी धजत नव्हतं. मर्लनं वेळापत्रकावर कॉर्विनचं नाव पाहिलं आणि सही ठोकली.

मैदानावर जिंकायला वेळ लागणार हे त्याला कळत होतं. पण कर्टची मान कुठे आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? कर्ट ज्या स्वयंपाकघरात सोमवारी बसायचा, त्याच खुर्चीवर मंगळवारी मर्ल हजर. घरं सगळी त्याचीच. कोणाचा बाप त्याच्या हाताखाली खेळलेला, कोणाचा काका. "त्या कर्टकडे पाठवताय? पाठवा बापडे. मी आपला चहा घेऊन जातो," असं म्हणायचा आणि पोरगं घेऊन यायचा. कॉर्विनची एक्कावन्न होती त्यांची अडतीस झाली, पुढे एकोणतीस. अध्यक्ष बदलला, नव्या अध्यक्षानं कर्टला तंबी दिली की अजून एक वर्ष देतो, मग बघ. मर्लला हे कळलं त्या दिवशी त्यानं स्वतःसाठी मोठा स्टेक भाजला.

सहाव्या हिवाळ्यात, बारावी संपवणाऱ्या खेळाडूंच्या यादीत त्याला नाव दिसलं. सोरेन हॅग्लंड. कर्टचंच पोर. मर्लनं तिथल्या तिथे फोन लावला. जनेलनं उचलला.

"सोरेनसाठी येऊ का?" मर्लनं विचारलं.

"डोरीनच्या हातचं दोन हिवाळे खाल्लंय मी," ती म्हणाली. "तुम्हाला नाही कुठल्या तोंडानं म्हणू? या, कोच."

जनेलनं चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं कालवण, आणि दालचिनीचे रोल वाढले. टेबलाच्या एका टोकाला कर्ट बसला होता, आपल्याच घरात बाप म्हणून, आणि दुसऱ्या कॉलेजचा कोच काय सांगतो ते त्याला मुकाट ऐकणं भाग होतं. मर्ल चवीनं खात होता.

"जनेल, मी एकच सांगतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे कोणी आजारी पडलं तर मी याला घरी पाठवीन. परत येईपर्यंत याची जागा याचीच. आमच्याकडे माणूस दवाखान्यात बसला म्हणून त्याची खुर्ची ओढत नाहीत."

कर्टनं चमचा ठेवला. मान वर केली नाही. मर्लला इतकं बरं वाटलं की त्यानं अजून एक रोल घेतला.

"मला कुठे खेळवाल, कोच?" सोरेननं विचारलं.

"कुठे म्हणजे? क्वार्टरबॅक. चेंडू फेकणारा हात आहे तुझा."

"खांदा जुलैत निखळला. आता फेकता येत नाही. अख्खा हंगाम मी मागच्या फळीत खेळलो, सेफ्टी म्हणून."

पोराच्या घरी जाताना कोचनं त्याचा खेळ बघितलेला नसणं म्हणजे मुलगी बघायला जाऊन तिलाच विचारणं, की बाई, या घरात मुलगी कोणती. तीस वर्षांत मर्लकडून असं झालं नव्हतं. कर्टच्या पोराचं नाव दिसलं आणि त्याचं डोकंच बंद पडलं होतं.

"म्हणजे तुम्ही माझी एकही मॅच बघितली नाही," सोरेन म्हणाला.

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मर्ल म्हणाला. "तुझ्या बापाच्या जिव्हारी लागावं म्हणून आलो."

"बरं झालं, कोणीतरी खरं बोललं." सोरेन बापाकडे वळला. "डॅडनीही नाही बघितली. नऊ मॅच झाल्या. दर शुक्रवारी हे दुसऱ्यांची पोरं बघत हिंडत होते. एकदा आले, अर्ध्यातून उठून गेले."

"पोरं हे पळवतात माझी," कर्ट मर्लकडे बोट करून म्हणाला. "हिंडू नको तर काय करू?"

"पोरं दडवायची कशी, ते तूच दाखवलंस मला," मर्ल म्हणाला.

"दोघंही गप्प बसा," जनेल म्हणाली, आणि दोघंही बसले.

सोरेननं ताटली सरकवली. "मी येतो तुमच्याकडे, कोच. अट एकच. कॉर्विनविरुद्धच्या मॅचमध्ये मला एकदाही बाहेर बसवायचं नाही. डॅडना शेवटपर्यंत बघावं लागलं पाहिजे."

"दिला शब्द," मर्ल म्हणाला. गाडीत बसल्यावर त्यानं आनंदानं दोनदा हॉर्न वाजवला. स्वतःच्या पोराकडून मार खाईल कर्ट, तोही जुन्या विद्यार्थ्यांच्या शनिवारी. याहून वरचं काही त्याला सुचलं नसतं.

ऑक्टोबरात तो शनिवार आला. आधीच्या पाचही वर्षी मर्ल इथे हरून परतला होता. मर्लनं सहा वर्षांत जमवलेली पोरं त्या दिवशी भूत अंगात आल्यासारखी खेळली. सोरेननं कर्टच्या क्वार्टरबॅकचे दोन चेंडू हवेतच पळवले, एक तर बापाच्या पायापासून चार हातांवर. अडतीस-सहा झालं. दोन मिनिटं उरली की जिंकणारा गुडघा टेकून वेळ जाऊ देतो, समोरच्याची लाज राखायची रीत आहे. मर्लनं लांब चेंडू फेकायला लावला. पंचेचाळीस-सहा. कॉर्विनचं सगळं गाव शिव्या घालायला लागलं. मर्लनं त्यांच्याकडे बघून टोपी काढली. सोमवारी कर्टची खुर्ची जाणार हे मक्याच्या लाह्या विकणाऱ्या बाईलाही कळून चुकलं होतं.

शिट्टी झाली. दोन्ही कोचांनी मैदानाच्या मध्यावर येऊन हात मिळवायचा असतो. मर्लनं या घटकेसाठी सहा वर्षं एक वाक्य घोटून ठेवलं होतं, ट्रकमध्ये एकटा असताना शेकडो वेळा बोलून पाहिलं होतं: हे डोरीनकडून. समोरून कर्ट येत होता, डोळे लाल, चेहरा ओला. मर्लनं हात पुढे केला आणि तोंड उघडलं.

कर्टनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "कोच, काय खेळला हो पोरगा," तो म्हणाला. "मी आज पहिल्यांदा त्याची अख्खी मॅच बघितली. तुम्ही घडवलंत हे."

तो हसत होता. खुर्ची गेलेला माणूस, आणि पोराच्या बारशाची मिठाई वाटत निघाल्यासारखा हसत होता. मर्लच्या अंगाची लाही झाली.

"मी तुझ्यासाठी नाही केलं," तो म्हणाला.

"माहीत आहे," कर्ट म्हणाला. मग हात सोडून तो सोरेनकडे धावत गेला. सोरेन हेल्मेट हातात घेऊन उभा होता, बापाचं तोंड कसं पडलंय ते बघायला आलेला. कर्टनं त्याला मिठीत घेतलं. पोरगं आधी ताठ राहिलं, मग त्यानं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मर्ल मध्यावरच उभा होता. वाक्य बोलायचं राहून गेलं होतं.